अकरा सेकंद

पुलगावात कोणाच्याही घरी माळ्यावर हात घाला, एखादी जुनी कॅसेट काढा आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐका. आधी काहीही असो, भजन असो, कव्वाली असो, कोणाच्या लग्नातली मंगलाष्टकं असोत, शेवटी ते एक गाणं लागणारच. न सांगता, न मागता. पुलगावला लागून असलेल्या आमच्या नाचणगावच्या घरी आईची आरत्यांची कॅसेट होती. मंत्रपुष्पांजली संपली की थोडी खरखर व्हायची आणि मग धाडधाड ड्रम वाजून एक पोरगी हिंदीत गायला लागायची की माझी बॅग भरून झाली, आता गाडी येऊ दे. आई प्रसाद वाटता वाटता तेही गुणगुणायची. तिला ते आरतीचंच शेपूट वाटायचं.

हा उद्योग ज्यांचा, त्यांना सारं गाव टेपकाका म्हणायचं. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. आपण कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी नेऊन द्यायची, काका चार दिवसांनी भरून द्यायचे. यादी संपून शेवटी जागा उरली की त्यात हे गाणं. कोणी तक्रार केली तर म्हणायचे, "कॅसेट तुही हाय, उरलेली जागा माही हाय." त्यावर काय बोलणार? दुसरं दुकान नव्हतं.

काका गेले त्याला दीड वर्ष होईल. त्यांच्याबद्दल गावात अजून बोलतात, हसतात, हळहळतात. त्या बोलण्यात माझं नाव कुठंच येत नाही, आणि ते यायला पाहिजे, म्हणून मी हे लिहून राहिलो. मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो. वर्ध्याजवळ सिंदी मेघेला माझं दुकान आहे. टेपचं पहिलं काम मी काकांच्या दुकानात उभं राहून पाहून पाहून शिकलो. त्या माणसानं जन्मात एक वस्तू जिवापाड जपली, आणि ती मी माझ्या या हातांनी, मन लावून, फुकटात खराब केली.

गाणं काही फार थोर नव्हतं, हे आधीच सांगतो. त्या काळी अशी सुटी गाणी यायची, सिनेमात नसलेली. कॅसेटीच्या एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला तेच गाणं शब्दांविना, झालं. ढोल मशीनचा, बासरी मशीनची, पोरीचा आवाज नाकातला. गाणारीनं पुढं काही गायलं म्हणून कोणी ऐकलं नाही. काकांनी ते गाणं नागपूरहून एका कोऱ्या कॅसेटीवर भरून आणलं होतं, आणि गावात ती तेवढी एकच. म्हणजे पुलगाव-नाचणगावनं जे गाणं ऐकलं ते काकांच्या त्या मास्टर कॅसेटीवरून उतरलेलं. आणि त्यात तिसऱ्या कडव्यात पोरगी गाता गाता एकदम थांबते. वाद्यंही थांबतात. अकरा सेकंद काही नाही, नुसती खरखर. मग जसं काही झालंच नाही अशी पुढची ओळ सुरू.

या अकरा सेकंदांपायी आमच्याकडे तीस वर्षं भांडणं झाली. लोक दुसऱ्या कशाकशापायी भांडतात, आम्ही यापायी.

कॅसेटींचे दिवस सरले, दुकानाचं शटर कायमचं पडलं, तरी दर रविवारी सकाळी नऊ वाजता काकांच्या घरी पुढच्या खोलीत बैठक भरायची. मोठ्या बैठकीला पंधरावीस माणसं यायची, पण नेमाचे आम्ही चौघं. उईके मॅडम, शाळेतून रिटायर झालेल्या. बुकिंगबाबू, रेल्वेच्या तिकिटाच्या खिडकीत नोकरी काढलेले. बाजारातला घड्याळवाला. आणि मी, वर्ध्याकडून गाडी हाणत येणारा. काका आधी गाणं लावायचे. लागलं की हात वर. हात खाली येईपर्यंत कोणी खाकरायचंही नाही. मग चहा, आणि मग जुंपायची.

"पहिल्या दोन कडव्यात ते पोट्टी खोटं बोलून राह्यली," मॅडम सुरुवात करायच्या. "म्हन्ते मी खुश हाय, बॅग भरली, चालली मी. तिसऱ्यात तिच्यानं खोटं नाई बोलवत. म्हून थांबते. त्या थांबण्यातच गाणं हाय, बाकी सारा भुसा."

"मॅडम, मशीनचा फाल्ट हाय तो," बाबू म्हणायचे. "तिले रडू आलं, मानलं. ढोलवाल्याले बी आलं काय? बासरीवाल्याले बी? एकाच टायमाले?"

"तुमाले नाई समजत ते. तुम्ही जिंदगीभर दुसऱ्याले जायाचं तिकीट फाडून देल्लं. जानाऱ्याच्या मनात काय हाय, कधी पुसलं काय?"

"रांग लागे ना बाप्पा खिडकीवर! मन पुसत बसलो असतो तं गाडी सुटली असती!"

कधी वाद चालीवर जायचा, कधी त्या नाकातल्या आवाजावर. बाबू म्हणत, तो आवाज सर्दीचा. मॅडम म्हणत, रडून आलेला. घड्याळवाला म्हणे, ढोल प्रत्येक कडव्यात जरासा पुढं पळतो. हसून हसून पुरेवाट व्हायची, पण कोणी माघार घेत नसे. एकदा बाबू सहा रविवार आले नाहीत, इतकं लागलं त्यांना.

काका स्वतः कोणाच्याच बाजूनं बोलत नसत. सगळे दमले की एकच विचारायचे, "ते जाऊ द्या. त्या जागी आयकू काय आलं?" आम्हाला वाटायचं, वा, काय खोल सवाल आहे! मॅडम त्यावर पाऊण तास बोलायच्या.

गोड गोड बोलणाऱ्याचं मात्र तिथं काम नव्हतं. वर्ध्याहून एक सद्‌गृहस्थ आले होते, कोणीतरी मोठ्या कौतुकानं आणलेले. गाणं झालं, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आजकालच्या गाण्यांत ही गोडी नाही हो राहिली." काकांनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला. अर्धा चहा होता त्यात.

"उठा," म्हणाले. "जुनं म्हून चांगलं म्हननारा मानूस कानाचा खोटा. हे गाणं तवा बी साधारण होतं, आता बी साधारणच हाय."

"मग दर रविवारी ऐकता कशाला?"

"थे माहं मी पाहून घेतो. या तुमी."

एवढा तिरसट माणूस, पण मशीन दिसली की लाचार व्हायचा. कोणाच्या घरी जुना टेपरेकॉर्डर दिसला की खिशातून कॅसेट निघालीच. एका घरी तेरवीला गेले होते. कपाटावर बाहेरदेशचा टू-इन-वन होता. पंगत उठली, लोक निघाले, आणि काका त्या घरच्या कर्त्या मुलाला म्हणाले, "बावा, राग नको येऊ देऊ, पाच मिनिटं लावून पाहू काय?" आणि त्या घरात, फोटोला हार घातलेला, पुढं दिवा लागलेला, आणि हे गाणं! बाई लोकांनी तोंडावर पदर घेतले. काका स्पीकरला कान लावून बसलेले, तिसऱ्या कडव्याला आवाजाचं बटण पूर्ण फिरवलेलं, खोलीभर नुसती खरखर. संपलं, कॅसेट काढली, हात जोडले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, टेपकाकाचं डोकं सरकलं. मीही हसलो होतो. सगळ्यात जास्त मीच हसलो असेन.

आता तुम्हाला सांगून टाकतो, कारण तुम्हीही हसावं आणि मग लाजावं अशी माझी इच्छा नाही. मला काकूंनी सांगितलं ते फार उशिरा, पण तुम्ही आत्ताच ऐका.

त्यांना एक मुलगी होती. बेबी. सहावीत होती. दुकान पुढं, घर मागं, त्यामुळे ती सारखी दुकानात. एक दिवस तिनं ती मास्टर कॅसेट लावली, लाल बटण दाबलं आणि गाण्याच्या मधोमध आपला आवाज भरला. काका आले, लावून पाहिलं, आणि धंद्याची कॅसेट नासवली म्हणून भडकले. पोरीला दोन ठेवून दिल्या. तेवढ्यावर राग गेला नाही, म्हणून तिच्या डोळ्यांसमोर ते बटण पुन्हा दाबून तिचा आवाज पुसला. दीड महिन्यानं पोरीला ताप भरला, तो डोक्यात गेला. वर्ध्याला नेलं. तिसऱ्या दिवशी तिला परत आणलं ती पांढऱ्या कापडात.

"सारं गाव भरलं त्याईनं," काकू म्हणाल्या. "भजनी मंडळं भरले, गिरणीचा भोंगा भरला, बैलबजारात बोली लावनारा भरला. पोरीचा आवाज भरा ना म्हनो मी, तं म्हनत, घरचीच हाय, कवाबी भरता येईन. थे एक भरलं तिनं सोताच्या हातानं. गान्याचा लय नाद होता तिले. थे बी पुसलं."

पण काकांच्या त्या जुन्या मशीनला एक खोड होती. ती नीट पुसत नसे. गिऱ्हाइकं तक्रार करायची की नव्या गाण्याच्या खाली जुनं गाणं बारीक ऐकू येतं. झालं! त्या एका खोडीवर या माणसानं तीस वर्षं काढली. जशी लोकांची गाणी खाली उरायची, तशी पोरगीही तिथं उरली असेल. एखाद्या चांगल्या मशीनवर, एखाद्या चांगल्या कानाला, ती सापडेल. म्हणून ते गाणं प्रत्येकाच्या कॅसेटीत, म्हणून भरताना त्या अकरा सेकंदांना आवाज पूर्ण वर, म्हणून रविवार, म्हणून तेरवी. आम्ही तिथं बसून गाण्याची चिरफाड करत होतो, आणि काका आमचे कान वापरत होते. ज्यांनी ते गाणं कधी टीव्हीवर पूर्ण ऐकलं होतं ते म्हणायचे, यात काहीतरी राहिलंय. त्यांच्यावर काका असे खेकसायचे की पुन्हा बोलायची सोय नाही.

एकदाच कोणाला तरी काही ऐकू आलं. घड्याळवाल्याला. दिवसभर बारीक टिकटिक ऐकणारा माणूस, त्याचे कान तसे तयार. त्यानं स्पीकरच्या जाळीला गाल टेकवून तीन वेळा ऐकलं. आम्ही चहा पिणं थांबवलं.

"काका," तो म्हणाला, "खरं-खोटं देव जाने. पन तिथं कोनीतरी हाय."

"पाहा!" मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या. "श्वास घेते ती! मी काय म्हनत होती?"

बाबू म्हणाले, उंदीर असन. काका उठले आणि आत गेले. अर्धा तास बाहेर आलेच नाहीत. पुढचे आठ दिवस ते रोज घड्याळवाल्याच्या स्टुलावर जाऊन बसायचे. "बाई वाटली का लहान पोर?" एवढंच विचारायचे. तो बिचारा कावून गेला. म्हणे, "काका, तेवढं नाई सांगता येत, मंग काऊन बोललो असं झालं मले." मी तेव्हा घड्याळवाल्याला सोबत म्हणून समोसे घेऊन गेलतो आणि काकांची नक्कल करून दाखवली होती. बाई वाटली का लहान पोर.

आता माझी कर्तबगारी ऐका.

दोन वर्षांखाली कोणीतरी ते गाणं इंटरनेटवर टाकलं. जुन्या कॅसेटी जमवणारा कोणी असेल. मी दुकानात बसल्या बसल्या ऐकलं आणि उडालोच. थांबा नव्हता! पोरगी न थांबता गात होती. ढोलही चालू, बासरीही चालू. आणि ज्या ओळीवरून मॅडमनी तीस वर्षं आमचे डोळे ओले केले, ती ओळ काय, तर स्टेशनवरचा चहा थंड झाला, आता दुसरा कप मागव. मी एकटाच खुर्चीत बसून इतका हसलो की शेजारचा मोबाइलवाला डोकावून गेला.

पहिला विचार आला की बाबू जिंकले. दुसरा विचार आला तो धंद्याचा. आमच्या धंद्यात मोकळी जागा म्हणजे पाप. वरातीत लाइट गेली, कॅमेऱ्यात काही आलं नाही, तरी आम्ही दुसऱ्या लग्नातले फटाके लावून देतो, पण अंधार ठेवत नाही. ती अकरा सेकंदांची जागा मला दिसायला लागली आणि हात शिवशिवायला लागले. वाटलं, काकांचं गाणं तीस वर्षं अर्धवट आहे, आपण पूर्ण करून देऊ. गुरुदक्षिणा! असे शब्द मनात आले, लाज वाटते आता.

आणि नेमकी त्याच वेळी ती मास्टर कॅसेट माझ्या हाती आली. आतला, फितीला दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडला होता, फितीला बुरशी धरली होती, आणि काकांच्या बोटांना आता कंप होता. त्यांनी तिला कधी कोणाला हात लावू दिला नव्हता. रुमालात बांधून मला दिली.

"साफ कर," म्हणाले. "फकस्त साफ. दुसरं काई नको करू."

"नाई करत काका."

"येत्या रविवारी घेऊन येजो."

"हो काका."

कॅसेटीच्या कडेला दोन बारीक खिट्ट्या असतात. त्या तोडून टाकल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. काकांनी त्या तोडल्या होत्या. तोडलेल्या खिट्टीचा अर्थ आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतो की यावर भरू नका. मलाही कळला. मी त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवला. कोणी मागून ढकललं नाही, कोणी सांगितलं नाही. मी खाली वाकून, जीभ दातात धरून, नीट चिकटवला.

दोन दिवस लागले. लग्नाची दोन कामं मागं ठेवली. इंटरनेटवरची ओळ कापून घेतली, तिचा वेग कॅसेटीच्या वेगाशी जुळवला, आवाज जुळवला, थोडी खरखर मुद्दाम घातली, नाहीतर ती ओळ फार स्वच्छ वाटली असती. आणि बरोबर त्या अकरा सेकंदांवर भरली. बारा वेळा ऐकून पाहिलं. जोड सापडत नव्हता. मी इतकं चांगलं काम आजवर केलेलं नाही.

रविवारी मुद्दाम सगळ्यांना फोन करून बोलावलं. खोली भरली होती. मी म्हणालो, काका, आज मी लावतो. काकांनी हात वर केला. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसऱ्याला मॅडमनी सवयीनं डोळे मिटले. आणि पोरगी गात गेली. न थांबता. चहा थंड झाला, दुसरा कप मागव.

मॅडमनी डोळे उघडले. मग बाबू उठून उभेच राहिले.

"म्हनत नव्हतो मी! फाल्ट होता! मशीनचा फाल्ट!" लोक हसायला लागले, टाळ्या वाजल्या. मॅडम म्हणाल्या, "चहा? चहाची ओळ होती थे?" आणि त्याही हसल्या, पण त्यांचं तोंड उतरलं होतं. मी ऐटीत उभा. घड्याळवाला मात्र काकांकडे पाहत होता.

काकांचा हात अजून वरच होता. त्यांनी तो खाली घेतला, कॅसेट मागं फिरवली आणि तेवढी जागा पुन्हा लावली. पुन्हा मागं फिरवली. पुन्हा लावली. मग मला जवळ बोलावलं.

"हे याच कॅसेटीत भरलं तू?"

"हो काका. ओरिजिनलमध्येच."

"याच्यावरूनच?"

"वरूनच. कुठंच कळत नाई, पाहा."

त्यांनी कॅसेट बाहेर काढली. कडेला अंगठा फिरवला. सेलोटेपचा तुकडा नखानं उचकटला, बोटावर घेऊन पाहिला आणि गोळी करून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. मी वाट पाहत होतो की ते काय म्हणतात.

"सफाईनं केलं," म्हणाले. "जोड नाई दिसत." आणि लोकांकडे वळून म्हणाले, "चहा घ्या सगळ्याईनं."

पुढच्या रविवारी मी गेलो तर दार लोटलेलं. काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. "आता नाई भरत रविवार," म्हणाल्या. मी म्हटलं, काऊन? मी तर गाणं पुरं करून दिलं! तेव्हा त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि बेबीचं सगळं सांगितलं. रागावून नाही. त्यांना वाटलं, मला ठाऊक असेल.

मी गाडी कशी चालवत सिंदी मेघेला आलो, मला आठवत नाही. एक आशा होती. कॅसेट साफ केल्यावर, भरण्याच्या आधी, मी ती कॉम्प्युटरवर घेतली होती. म्हणजे जुने अकरा सेकंद तिथं असायला पाहिजेत. फाइल उघडली. पण माझ्याकडे येणारी प्रत्येक जुनी फीत कॉम्प्युटरवर घेतानाच खरखर काढून घेतली जाईल, अशी सोय मीच करून ठेवलेली. वेळ वाचतो. त्या जागी पडद्यावर सरळ रेषा होती. आवाज पूर्ण वर केला. काही नाही, खरखरसुद्धा नाही. मी इतका साफ केला होता तो.

भरण्याच्या आधी मी ती जागा एकदा तरी नीट ऐकली होती का? नव्हती. जोड कुठून घ्यायचा आणि कुठं टेकवायचा, तेवढीच टोकं पाहिली होती. मधलं कशाला ऐकायचं? मध्ये काही नव्हतंच ना. नंतर मी नाचणगावात, गावातल्या ओळखीच्या घरांत जुन्या कॅसेटी मागत फिरलो, तीस-चाळीस ऐकल्या. सगळ्यांत त्या जागी रान पेटल्यागत खरखर. काकांनी त्या सगळ्या आधीच ऐकल्या असणार.

दहा-बारा दिवसांनी मी दुपारचा त्यांच्याकडे गेलो. काकू बाजारात गेल्या होत्या. काका पुढच्या खोलीत खाटेवर पडले होते, मशीनवर चादर टाकलेली. पायाशी बसलो. माफी मागायची म्हणून रस्ताभर घोकलेलं सगळं विसरलो. तोंड उघडायच्या आत तेच बोलले.

"भरायच्या आंधी मशीनवर घेतलं असन ना तू? तुमच्या काम्पुटरवर लय बारीक बारीक दिसते म्हनतात."

"हो काका. घेतलं होतं."

"आयकलं?"

त्यांनी मान उचलून माझ्याकडे पाहिलं. मी त्या नजरेला खरं सांगू शकलो नाही. तुम्हीही सांगू शकला नसता, असं मी मनाला अजून समजावतो.

"आयकलं," मी म्हणालो. "होता आवाज."

ते उठून बसले. माझं मनगट धरलं. त्या कापऱ्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"पोट्टीचा?"

"पोट्टीचाच काका. बारीक होता, पन साफ होता."

"काय म्हने?"

मी कुठं अडकलो ते मला तेव्हाही कळलं नाही. काकूंनी सांगितलं होतं, तिला गाण्याचा नाद. मला वाटलं, मी बरोबर जागी पाय ठेवतोय.

"गात होती," मी म्हणालो. "चहाची ओळ गात होती. सुरात होती एकदम."

मनगटावरची पकड सुटली. काका रागावले नाहीत. रागावले असते तर मी पाय धरले असते.

"तू नाई आयकलं रे," म्हणाले.

मी मान खाली घातली.

"गात नव्हती थे. तुह्या काकूले बी म्या कधी सांगतलं नाई. माह्या कानाले दिवसभर थे हेडफोन असत. घरातून हाका मारत, मले आयकूच ये नाई. म्हून तिनं कॅसेटीत भरलं, मले आयकू यावं म्हून. 'बाबा, थे कानाचं काढा अन् जेवाले चला, भाकर थंडी होऊन राह्यली.' एवढंच भरलं होतं."

"मग?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"मंग काय. तिले मारलं, थे पुसलं, अन् हात धुऊन जेवाले बसलो."